विलंब माफीचा अर्ज

रत्नाक्का ऑफिसात आल्या तेव्हा मी फळ्यासमोर उभा होतो. सोमवार होता, सकाळचे पावणेदहा. माझे चार ज्युनिअर आणि कारकून कुंभोजकर समोर खुर्च्या टाकून बसले होते, आणि जबाबदारी सोपवणं वेगळं, काम ढकलणं वेगळं, हे मी त्यांना समजावून सांगत होतो.

बाई दार ढकलून सरळ आत आल्या. आपल्या खानावळीतून तशाच उठून आल्या असाव्यात, मनगटापर्यंत ज्वारीचं पीठ होतं. हातात घडी घातलेला कागद होता, तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

"वकीलसाहेब, कोर्टाची दोन माणसं आली होती. शुक्रवारी कब्जा घ्यायला येतो म्हणाली. सामान काढून ठेवा म्हणाली."

मी कागद उघडून वाचला. घरमालकाने निकालाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावली होती आणि खानावळीच्या जागेचं कब्जा वॉरंट निघालं होतं. असं व्हायला नको होतं. खालच्या कोर्टाचा निकाल बाईंच्या विरोधात गेला होता हे खरं, पण त्यावर आम्ही जिल्हा न्यायालयात अपील करून स्थगिती घेणार होतो. अपिलाला मुदत तीस दिवसांची. मी मनात दिवस मोजले. निकालाला एक्केचाळीस दिवस झाले होते.

"कुंभोजकर, रत्नाक्कांच्या अपिलाचा नंबर काय पडला?"

कुंभोजकरांनी रजिस्टर चाळलं, पुन्हा चाळलं. मग चष्मा काढून म्हणाले, "साहेब, माझ्याकडे दाखल करायला आलंच नाही ते."

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सांगलीत तेव्हा माझी वकिली जोरात होती. सकाळी घरी, दुपारी कोर्टात आणि संध्याकाळी ऑफिसात पक्षकारांची गर्दी असायची, आणि सगळ्या गोष्टी माझ्या एकट्याच्या डोक्यात असायच्या. त्याच सुमाराला पुण्यात वकिलांसाठी तीन दिवसांचं एक प्रशिक्षण झालं. ऑफिस कसं चालवावं, माणसं कशी हाताळावीत, पुढारपण कसं करावं, असे विषय होते. कायदा सगळ्यांनाच येतो, पण वकिलीचं ऑफिस हा एक व्यवसाय आहे आणि तो चालवायला वेगळी अक्कल लागते, हे तिथल्या माणसांनी मला पटवून दिलं. मला ते खरोखर पटलं, आजही पटतं. मी परत आलो तो भारावूनच. भिंतीवर पांढरा फळा लावला. दर सोमवारी बैठक ठरवली. केबिनमध्ये वाटेल तेव्हा यायचं नाही, चिठ्ठी पाठवायची, मी त्यावरच उत्तर देईन, असा नियम केला. प्रत्येक प्रकरणाला एक मालक असला पाहिजे, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. म्हणून फळ्यावर प्रत्येक प्रकरणापुढे एकेका ज्युनिअरचं नाव लिहिलं.

रत्नाबाई हुक्केरी यांच्या प्रकरणापुढे नाव होतं सारिका ऐवळे हिचं.

सारिका जत तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली. वडील एसटीत कंडक्टर. शिवाजी विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन ती माझ्याकडे आली त्याला दोन वर्षं झाली होती. कमी बोलायची. तिने तयार केलेल्या मसुद्यात मला सहसा काही दुरुस्त करावं लागत नसे. खणभागात खोली घेऊन एकटी राहायची आणि दोन्ही वेळा रत्नाक्कांच्या खानावळीत जेवायची. किंबहुना घरमालकाची पहिली नोटीस आली तेव्हा तीच बाईंना माझ्याकडे घेऊन आली होती.

"सारिका," मी म्हणालो, "हे प्रकरण कुणाच्या नावावर आहे?"

ती उभी राहिली. "माझ्या, सर."

"मग अपील कुठाय?"

"सर, मी ते तयार करून तुमच्याकडे दिलं होतं. तुम्ही पुण्याला निघालात त्या दिवशी. गाडीत वाचतो म्हणालात. परत आल्यावर मी चिठ्ठी पाठवली, तर तुम्ही त्यावर 'झालं' असं लिहिलंत. मला वाटलं, तुम्ही सही करून कुंभोजकरकाकांकडे दिलं."

"'झालं' म्हणजे वाचून झालं. दाखल झालं की नाही हे पाहणं कुणाचं काम?"

बाकीचे तिघे आपापल्या वह्यांकडे पाहत होते. मला आठवतं, त्या क्षणी मला संतापाबरोबर थोडं समाधानही वाटलं होतं. मी जे शिकवत होतो त्याचं उदाहरणच समोर उभं राहिलं होतं.

"मागच्या बैठकीत मी विचारायचा प्रयत्न केला होता," ती हळू आवाजात म्हणाली.

तेही खरं होतं. मागच्या सोमवारी तिने "सर, रत्नाक्कांचं अपील" इतकं म्हटल्यावर मी तिला थांबवलं होतं. बैठकीत प्रश्न आणायचे नाहीत, उत्तरं आणायची, असं मी सर्वांसमोर म्हणालो होतो आणि सगळे हसले होते.

रत्नाक्का मधेच उभ्या होत्या. त्यांना मुदत, दाखल, यातलं फारसं कळत नव्हतं, पण कागद वेळेत गेला नाही एवढं कळलं. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे चूक कुणाची झाली?"

"आमच्या ज्युनिअरची," मी म्हणालो. "पण तुम्ही काळजी करू नका, मी बघतो."

बाईंनी सारिकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरी, रोज सकाळ-संध्याकाळ तुला वाढते की गं मी."

सारिका खाली बसली नाही. बैठक संपेपर्यंत ती तशीच उभी होती.

वाट एकच होती. विलंब माफीचा अर्ज द्यायचा, सोबत अपील जोडायचं आणि शुक्रवारच्या आत स्थगिती मिळवायची. विलंब का झाला याला सबळ कारण लागतं आणि त्याला प्रतिज्ञापत्राचा आधार लागतो. पक्षकाराचा दोष नसून वकिलाच्या ऑफिसात चूक झाली, असं शपथेवर सांगितलं तर कोर्ट बहुतेकदा विलंब माफ करतं. मी सारिकाला सांगितलं की प्रतिज्ञापत्र तिच्या नावाने तयार कर, कागद तुझ्याकडून गहाळ झाला असं लिही. ती बरं म्हणाली.

त्या संध्याकाळी घरी मी प्रशिक्षणात दिलेल्या टिपणांची फाइल शोधत होतो. हाताखालच्या माणसाकडून मोठी चूक झाली तर काय करावं, यावर तिथे एक अख्खं सत्र झालं होतं आणि ते मला पुन्हा वाचायचं होतं. तिथेच मिळालेली कापडी पिशवी कपाटात होती. टिपणं काढताना त्यांच्यामागून निळ्या फितीने बांधलेले कागद बाहेर आले.

ते रत्नाक्कांचं अपील होतं. शेवटच्या पानावर माझी सही होती. खाली माझ्याच अक्षरात तारीख होती, पुण्यातल्या दुसऱ्या दिवसाची. तेव्हा मला आठवलं. हॉटेलात सकाळी नाश्त्याला जाण्यापूर्वी मी ते वाचलं होतं, आवडलं होतं, सही केली होती आणि वर्गात जायची घाई म्हणून हातातल्या पिशवीत कोंबलं होतं. चिठ्ठीवर 'झालं' लिहिलं ते सही झाली याच अर्थाने. मुदत संपायला तेव्हा पुरे अकरा दिवस बाकी होते.

मी पलंगावर बसून राहिलो. बायको चहा घेऊन आली, तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं. मी दिवसभराची दगदग, असं काहीतरी सांगितलं.

उद्या सकाळी सारिकाला सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. खोटं नाही सांगत, ठरवलं होतं. पण अंघोळ करताना, गाडी काढताना, पुलावरून जाताना दुसरे विचार यायला लागले. प्रतिज्ञापत्र माझ्या नावाने द्यायचं म्हणजे मगदूम वकील पक्षकाराचं अपील पिशवीत घालून विसरले, हे कोर्टाच्या कागदांवर कायमचं जाणार. बाररूममध्ये दुपारपर्यंत बोभाटा होणार. ती नवी आहे, नव्यांच्या चुका लोक विसरतात. आणि बाईंना तर स्थगिती मिळाल्याशी कारण. ऑफिसात पोचेपर्यंत माझं मन वळलं होतं.

सारिका लवकर येऊन बसली होती. प्रतिज्ञापत्र टाइप करून तिने माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मी तिला केबिनमध्ये बोलावलं, बस म्हणालो. कुंभोजकरांना दोन चहा आणायला सांगितलं.

"काल मी जरा जास्त बोललो," मी म्हणालो. "मनावर घेऊ नकोस. सुरुवातीला अशा चुका सगळ्यांच्याच होतात. माझ्याही झाल्यात."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

"कोर्टात मी शेजारी उभा असेन. तुला काही होऊ देणार नाही."

तिने चहाला हात लावला नाही. म्हणाली, "सर, पुण्याला नेलेल्या सामानात एकदा पाहिलंत का?"

"पाहिलं," मी म्हणालो. "नाही त्यात."

तिने मान हलवली, माझ्याच टेबलावरचं पेन घेतलं आणि प्रत्येक पानावर सही केली. पेन होतं तिथे ठेवून गेली.

गुरुवारी अर्ज सुनावणीला निघाला. न्यायाधीश कडक म्हणून प्रसिद्ध होते, पण अन्यायी नव्हते. त्यांनी प्रतिज्ञापत्र सावकाश वाचलं. रत्नाक्का मागच्या बाकावर सुनेबरोबर बसल्या होत्या.

"अॅडव्होकेट ऐवळे कोण?" साहेबांनी विचारलं.

सारिका पुढे झाली.

"तुमच्याकडून अपिलाचे कागद गहाळ झाले, असं तुम्ही म्हणता. आपल्या सिनिअरना कळवलंत का?"

मी वाट पाहत होतो ती काय सांगते याची. मग साहेबांनीच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मिस्टर मगदूम, ऑफिस तुमचं आहे. वकीलपत्रावर सही तुमची आहे. तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

इतक्या वर्षांनी सांगतो, त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. जबाबदारी माझी आहे, एवढं एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. पिशवीबद्दल बोलायचीही गरज नव्हती. तसं केलं असतं तर सारिकावरचं निम्मं ओझं तिथेच उतरलं असतं, आणि माझं काहीही बिघडलं नसतं. उलट लोक म्हणाले असते, बघा, ज्युनिअरला सांभाळून घेणारा माणूस.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "मला वॉरंट आल्यावरच कळलं."

सारिका मान खाली घालून उभी होती.

विलंब माफ झाला, स्थगिती मिळाली. आदेशात साहेबांनी लिहिलं की कनिष्ठ वकील सारिका ऐवळे यांनी अक्षम्य निष्काळजीपणा दाखवला आहे, पण त्याची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये. रत्नाक्कांनी कोर्टाच्या आवारात माझे पाय धरले. मी त्यांना उठवलं आणि अहो, हे काय, असं म्हणालो. सारिका चार पावलांवर फाइल छातीशी धरून उभी होती. बाई तिच्याशी न बोलता निघून गेल्या.

निळ्या फितीचे ते कागद मी त्याच आठवड्यात फाडून टाकले.

आदेशातलं ते वाक्य बाररूममध्ये फिरलं. तिच्या माघारी आणि कधी कधी तिच्यासमोरही लोक तिला तारीखवाल्या मॅडम म्हणायचे. मी ते ऐकलं होतं. ऐकून वर्तमानपत्र वाचत राहिलो होतो. तिच्याशी मात्र मी फार चांगला वागायला लागलो. रजा मागितली की देत होतो, कामाची विचारपूस करत होतो, सगळ्यांसमोर तिच्या मसुद्यांचं कौतुक करत होतो. दोन-अडीच महिन्यांनी तिने विट्याला प्रॅक्टिस सुरू करते म्हणून सांगितलं. मी शुभेच्छा दिल्या, पुस्तकांचा एक संच दिला. ती गेली त्या दिवशी मला मोकळं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

अपील दोन वर्षांनी आम्ही जिंकलं. खानावळ वाचली. माझं ऑफिस वाढलं, मिरजेला शाखा झाली. ऑफिस शिस्तीत चालवणारा वकील म्हणून माझं नाव झालं आणि मीच ठिकठिकाणी त्या विषयावर बोलायला जाऊ लागलो.

गेल्या डिसेंबरात विट्याच्या वकील संघटनेचं बोलावणं आलं. नव्या वकिलांसमोर ऑफिस व्यवस्थापन आणि नेतृत्व यावर बोलायचं होतं. पत्राखाली अध्यक्षांची सही होती, सारिका ऐवळे. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

तिने माझी ओळख करून दिली. यांच्या ऑफिसात दोन वर्षं शिकले, एवढंच स्वतःबद्दल बोलली. मी पाऊण तास बोललो. नेहमीचं होतं, तोंडपाठ होतं. शेवटी एका मुलीने उठून विचारलं, "सर, ज्युनिअरच्या हातून चूक झाली तर सिनिअरने काय करावं?"

या प्रश्नावर माझं एक ठरलेलं उत्तर होतं आणि ते मी वीस ठिकाणी दिलं होतं. सारिका पहिल्या रांगेत बसली होती. माझ्या तोंडून ते निघेना. मी पाणी प्यायलो, आणि वेळ झाली आहे, चहाच्या वेळी बोलू, असं म्हणून खाली बसलो. चहाच्या वेळी त्या मुलीला टाळलं.

कार्यक्रमानंतर सारिकाने मला तिच्या ऑफिसात नेलं. कोर्टासमोर दोन खोल्या, बाहेर तीन ज्युनिअर कामात होते. आत आल्यावर मी दार लोटलं आणि उभ्यानेच म्हणालो, "सारिका, तुम्हाला एक सांगायचं आहे. ते अपील माझ्याकडेच होतं. पुण्याच्या पिशवीत. तुम्ही सही केलीत त्याच्या आदल्या संध्याकाळीच मला सापडलं होतं."

तिने मला खुर्ची दाखवली. मी बसल्यावर ती बसली.

"मला ठाऊक आहे, सर."

"कसं?"

"त्या सकाळी तुम्ही मला बस म्हणालात. चहा मागवलात. चूक माझी असती तर तुम्ही ओरडला असतात. आदल्या दिवशी ओरडत होतात तेव्हा तुम्हाला खरंच माझी चूक वाटत होती. तुम्ही गोड बोलायला लागलात आणि मला कळलं, कागद सापडला."

मी विचारलं, मग सही का केलीत.

"शुक्रवारी बाई रस्त्यावर आल्या असत्या. तुम्ही तुमच्या नावाने देणार नव्हता, हेही तेव्हाच कळलं होतं. भांडायला दिवस नव्हते." मग तिने टेबलावरच्या फाइली सरळ केल्या. "कोर्टात तुम्ही काहीतरी बोलाल असं वाटलं होतं मात्र. साहेबांनी विचारलं तेव्हा."

मी माफी मागितली. कशी मागितली ते आता नीट आठवत नाही, शब्द अडखळत होते. तिने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि माफ केलं असंही ती म्हणाली नाही.

"मला सांगून काय उपयोग, सर," ती म्हणाली. "मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. अक्कांना सांगा."

सांगलीत परत आल्यावर मला त्यांच्याकडे जायला सात आठवडे लागले. माझ्या ऑफिसपासून खानावळ चालत पाच मिनिटांवर आहे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, जेवणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर गेलो. रत्नाक्का आता सत्तरीला टेकल्या आहेत. चूल सून सांभाळते. बाई बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून मेथी निवडत होत्या. मला पाहून उठायला लागल्या, सुनेला हाक मारून वकीलसाहेबांना ताक आण म्हणाल्या.

मी नको म्हणालो आणि त्यांच्यासमोर खाली बसलो. सगळं सांगितलं. पिशवी, सही, सारिकाला दिलेलं खोटं उत्तर, कोर्टात बोललेलं खोटं. मी बोलत असताना त्यांचे हात थांबले नाहीत, पानं एकीकडे आणि काड्या एकीकडे पडत राहिल्या.

"कोर्टात तिनं मान खाली घातली होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लाजेनं."

त्यांनी मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली.

"त्या दिवसापासून मी तिचं ताट बंद केलं. तिसऱ्या दिवशी आली होती. म्हणाली, अक्का, आत बसत नाही, डबा तरी द्या, या बाजूला दुसरीकडे कुठं भाकरी मिळत नाही. जेवणारी पंधरा-वीस माणसं होती. त्यांच्यापुढं मी तिला नको नको ते बोलले. पोरगी ऐकून घेऊन गेली. एक शब्द बोलली नाही तुमच्यावर."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. अडीच महिने ती माझ्यासमोर रोज कामाला येत होती. ती कुठे जेवते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सुनेने ताक आणून माझ्यापुढे ठेवलं. रत्नाक्कांनी मेथीची पाटी बाजूला सारली आणि विचारलं, "कुठं असते ती आता?"

"विट्याला. कोर्टासमोर ऑफिस आहे तिचं."

"गाडी कितीला असते विट्याची?"

मी म्हणालो की उद्या सकाळी मी माझ्या गाडीने तुम्हाला घेऊन जातो, तासा-दीड तासाचा रस्ता आहे, या वयात एसटीचा त्रास कशाला.

"नको," त्या म्हणाल्या. भिंतीचा आधार घेऊन उठल्या आणि उद्या पहाटे एका डब्यापुरतं ज्वारीचं पीठ जास्त मळायला लागेल, एवढं सुनेला सांगायला आत गेल्या.